याला काय झालंय? : वेडाच्या तातडीचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. आमच्या नावामागचं 'डॉ.' हे प्रबंधाचं आहे. एकदा रेल्वेच्या आरक्षण-यादीत ते पाहून तिकीट तपासनिसानं आम्हाला रात्री दोन वाजता उठवलं होतं; पुढच्या डब्यात एका मुलाला फिट आली होती. आम्ही जाऊन नुसतेच उभे राहिलो. शेवटी त्याच डब्यातल्या एका नर्सबाईंनी त्या मुलाला कुशीवर वळवलं. तेव्हा आज आम्ही उपचार सांगायला उभे नाही. रात्री-अपरात्री एखादा माणूस आरडाओरडा करत, भांबावलेला, किंवा विष घेऊन रुग्णालयाच्या दारात येतो, तेव्हा त्याच्याविषयी पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, आणि तो प्रश्न गेल्या दीड-दोनशे वर्षांत कसकसा बदलला, एवढंच पाहायचं आहे.

सुरुवात घरापासून करू. १९७८ साल. आमचे वडील तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. जिल्ह्याच्या गावच्या एका रुग्णालयात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. एक दिवस सगळं ठीक होतं. दुसऱ्या रात्री मात्र ते एकदम उठून बसले आणि सलाईनची नळी उपटून फेकली. त्यांना ती नळी साप वाटत होती. धाकट्या भावाला ते 'मामलेदारसाहेब' म्हणू लागले, आईला ओळखेनात. जन्मात कधी शिवी न दिलेला माणूस शिव्या देत होता. मधेच पाच-दहा मिनिटं शांत व्हायचे, नीट बोलायचे, की पुन्हा सुरू. वॉर्डबॉयनी त्यांची मनगटं पट्ट्यांनी पलंगाला बांधली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "यांना इथं ठेवता येणार नाही. मेंटलला न्या. सकाळी चिठ्ठी देतो." आमची आत्या म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे, गावच्या देवऋषीला बोलवा. आणि आम्ही? नुकतेच वेदान्त शिकवायला लागलो होतो. रज्जूच्या ठिकाणी सर्पाचा भास कसा होतो, हे दरवर्षी फळ्यावर समजावून सांगत होतो. वडिलांना नळीच्या जागी साप दिसत असताना आम्ही कोपऱ्यात गप्प उभे होतो.

पहाटे चारच्या सुमारास एक हाऊसमन आला. चोविशीचा पोरगा असेल. यांना कुठं पाठवायचं, याची चर्चा त्यानं केलीच नाही. तो आईच्या शेजारी स्टुलावर बसला आणि विचारू लागला. हे कधीपासून? आधी आयुष्यात कधी असं झालं होतं? दारू घेतात का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? लघवी शेवटची कधी झाली? आई म्हणाली, काल सकाळपासून नाहीच. त्यानं चादर बाजूला केली, ओटीपोटावर हात ठेवला. पोट टम्म फुगलं होतं. त्यानं रबरी नळी घातली आणि लिटरभराहून जास्त लघवी बाहेर आली. उजाडेपर्यंत वडील झोपले. दुपारी उठून त्यांनी चहा मागितला आणि तो फिका झालाय म्हणून तक्रार केली.

त्या रात्री एकाच पलंगाभोवती दोन प्रश्न होते. 'यांना कुठं पाठवायचं?' हा एक, आणि 'यांना काय झालंय?' हा दुसरा. मेंटलची चिठ्ठी आणि देवऋषी ही दोन्ही पहिल्या प्रश्नाचीच उत्तरं होती. डॉक्टर आधुनिक आणि आत्या अडाणी, असं आम्हाला तेव्हा वाटत होतं. त्या खोलीत तरी दोघांमध्ये फारसा फरक नव्हता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

वडिलांना जे झालं त्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आपल्या भाषेत त्याला शब्द नव्हता असं नाही. तापात माणूस बरळायला लागला की आजी म्हणायची, "वात झालाय, वातात बोलतोय." सन्निपात हा शब्दही त्याच अर्थानं घरोघर वापरात होता. वात झालेल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नसे. त्याचा ताप उतरला की तो शुद्धीवर येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. 'वात होणं' वेगळं आणि 'वेड लागणं' वेगळं, हा भेद आजीच्या तोंडी होता. पुढं मोठमोठ्या इमारती बांधताना तो हरवला, आणि तो पुन्हा शोधायला वैद्यकाला बराच काळ लागला.

ग्रंथांतही तो आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतात सहा आहेत, आणि त्यात एक मनाच्या दुःखानं होणारा व एक विषानं होणारा, असे दोन स्वतंत्र धरले आहेत. विषाचा उन्माद खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. धोतऱ्याचं बी खाल्लेलं पोर कसं हवेतले धागे ओढत बसतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्याकडे 'आमच्या ग्रंथांत सगळं होतंच' असं म्हणण्याची सवय आहे. त्याच चरकाच्या उन्माद-चिकित्सेत अनावर रुग्णाला मजबूत पण मऊ पट्ट्यानं बांधावं, लोखंड-लाकडाच्या वस्तू नसलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावं, असं सांगितलंय. त्यानं स्वतःला इजा करू नये ही काळजी त्यात दिसते. त्याच्याच पुढं दात काढलेले साप, शिकवलेले सिंह-हत्ती आणि राजाचे शिपाई दाखवून त्याला घाबरवावं, असंही सांगितलंय. काळजी आणि धाक एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत. आमच्या मते हे शेजारपण कुठल्याच देशात, कुठल्याच काळात पूर्ण सुटलेलं नाही.

आता इंग्रजी अमलाकडे येऊ. १८५८ साली, म्हणजे बंड मोडून राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं त्याच वर्षी, वेड्यांच्या आश्रयगृहांचा कायदा झाला. रस्त्यावर भटकणारा वेडा दिसला तर त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेणं, हे त्यात पोलिसाचं कर्तव्य ठरवलं. मॅजिस्ट्रेटनं वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीनं त्याला तपासायचं आणि वेड्यांच्या इस्पितळात रवाना करायचं. १९१२ च्या कायद्यानंही मुख्य वाट तीच ठेवली: रस्ता, चौकी, कचेरी, आणि मग भिंतीआड. म्हणजे 'कुठं पाठवायचं' हा प्रश्न कायद्यातच पहिला होता. 'काय झालंय' हे विचारणारा डॉक्टर त्या साखळीत शेवटी भेटायचा, आणि तोवर ताप, डोक्याचा मार किंवा साखर कमी होणं यांनी आपलं काम उरकलेलं असायचं.

मुंबईत हे दगडात पाहता येतं. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ चं. तिथं शरीराचे रोगी. वेड्यांची सोय आधी कुलाब्याला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात. शरीराचं दार भायखळ्याला आणि मनाचं दार ठाण्याला! देकार्तनं सतराव्या शतकात देह आणि मन ही दोन वेगळी द्रव्यं मानली, यावर आम्ही तीस वर्षं व्याख्यानं दिली. त्याचा सगळ्यात ठोस पुरावा लोकलच्या नकाशावर होता, तो आम्हाला दिसला नाही.

या दोन दारांच्या मधे सापडलेल्या माणसाचं काय व्हायचं? इंग्लंडमधल्या टॉमस सटन या डॉक्टरानं १८१३ साली 'डिलिरियम ट्रेमेन्स' हे नाव रूढ केलं. अट्टल पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-चार दिवसांत त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात. त्या काळी मेंदूच्या दाहावर रक्त काढत असत. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसत. सटननं दाखवलं की हा दुसरा आजार आहे, यात रक्त काढलं तर माणूस जातो. बाहेरचं दृश्य एकच, आतलं कारण वेगळं, आणि कारण चुकलं तर उपचारच जीव घेतो. आजही कुठल्याही सरकारी रुग्णालयात हाड मोडलं म्हणून भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी 'वेडा' होतो, आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन दारूबद्दल विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही. असं बेवड्या नवऱ्याबद्दल चारचौघांत सांगायला ती बाईही लाजते. त्या माणसाला ग्लुकोज देण्याआधी थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देणं गरजेचं असतं. त्याच्या अभावी होणारा मेंदूचा विकार वेर्निकेनं १८८१ मध्ये वर्णन केला होता. तो चुकला तर माणूस जगला तरी त्याची स्मृती परत येत नाही.

दोन दारं जवळ आणण्याचं काम आपल्या देशात १९३० च्या दशकात सुरू झालं. १९३३ साली कलकत्त्याच्या आजच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, जे तेव्हा कारमायकेल म्हणून ओळखलं जाई, गिरींद्रशेखर बोस यांनी सामान्य रुग्णालयाच्या आवारातच मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. हे तेच बोस, ज्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, के. के. मसानी यांनी जे. जे.मध्ये तसा विभाग काढला. आज हे क्षुल्लक वाटतं. पण एका दारानं आत गेलेला माणूस फ्रॅक्चरचा आहे की भासांचा, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्याला कळत नाही, ही त्या माणसाच्या इभ्रतीच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती. पुढं १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा साऱ्या देशात मनोरुग्णालयं होती एकोणीस आणि खाटा दहा हजारांच्या आसपास. एवढ्या देशाला! तेव्हा सामान्य रुग्णालयाचं दार उघडणं हा तत्त्वाइतकाच हिशेबाचाही प्रश्न होता.

औषधांची हकीकत आम्हाला विशेष प्रिय आहे, कारण तीही शरीराच्या बाजूनंच मनाकडे आली. बिहारात सर्पगंधेच्या मुळीला लोक 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला: वेडावर आणि रक्तदाबावर चालणारं भारतीय औषध. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या परिणामाचा निबंध छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिकडं फ्रान्समध्ये आंरी लाबोरी हा नौदलाचा सर्जन. त्याला वेडाशी कर्तव्य नव्हतं. शस्त्रक्रियेतल्या धक्क्यानं माणसं दगावतात, ते कसं टाळावं, या विवंचनेत तो होता. त्यासाठी त्यानं आधी प्रोमेथाझिन वापरलं, मग क्लोरप्रोमाझिन. ते दिलेला रुग्ण झोपत नाही, पण त्याची तगमग थांबते, हे त्याच्या नजरेत आलं. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले आणि देनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं, आणि पट्टे, साखळ्या, थंड पाण्याच्या आंघोळी यांच्याशिवाय अनावर माणसाला शांत करता येतं हे प्रथमच दिसलं.

यातही एक मेख आहे. सुई सोपी झाली की प्रश्न विचारायचा राहून जातो. पूर्वी माणसाला पट्ट्यानं बांधत, आता औषधानं बांधता येऊ लागलं. १९५९ मध्ये एंगेल आणि रोमानो या दोन अमेरिकन डॉक्टरांनी डिलिरियमवर निबंध लिहिला. जसं हृदय निकामी होतं, मूत्रपिंड निकामी होतं, तसाच हा मेंदू निकामी होण्याचा प्रकार आहे, असं त्यांनी मांडलं. हृदय-यकृताला जपणारे डॉक्टर मेंदूला तितकं जपत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही तो निबंध निवृत्तीनंतर वाचला. १९७८ च्या त्या रात्री तो जगात येऊन एकोणीस वर्षं झाली होती.

कोणती सुई द्यावी, या साध्या प्रश्नाला नीट पुरावा मिळायलाही एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि तो पुरावा मिळवण्यात तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मोठा वाटा आहे. लाबोरीचं ते जुनं प्रोमेथाझिन इथं पुन्हा भेटतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिंसक किंवा अतिशय अस्वस्थ होऊन आलेल्या दोनशे रुग्णांवर चाचणी घेतली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींना लोराझेपाम, काहींना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. चार तासांनी दोन्हीकडचे बहुतेक लोक शांत होते. दुसऱ्या जोडीनं शांतता लवकर आली. ब्राझीलमधल्या रिओच्या चाचण्यांतून कळलं की नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर काहींच्या स्नायूंना भयंकर पेटके येतात, मान वाकडी होते, आणि प्रोमेथाझिन जोडलं तर ते टळतं. स्वस्त औषधं, गर्दीची रुग्णालयं, गरीब देश. श्रीमंत देशांनी हे प्रश्न विचारायच्या आधी आपण विचारले, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण दारू तुटलेल्या माणसाला यातली कुठली सुई योग्य, हे पुन्हा त्याच्या बायकोला विचारलेल्या प्रश्नावरच ठरतं.

आतापर्यंत आपण ओरडणाऱ्या माणसाबद्दल बोललो. तातडीचा दुसरा रुग्ण ओरडत नाही. तो गप्प असतो, म्हणून सुटून जातो. याचं जगाला माहीत झालेलं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं मेली. वाचलेल्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत आणलं. भाजल्यावरचे उपचार त्या आगीनंतर पुष्कळ सुधारले. पण एरिख लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. आगीत पत्नी गमावलेला एक माणूस शरीरानं बरा झाला, घरी गेला, अस्वस्थ होऊन परत आला, आणि एक दिवस त्यानं बंद खिडकीतून खाली उडी टाकली. लिंडेमाननं तीव्र शोकावर १९४४ साली निबंध लिहिला. जखमा भरत आलेल्या माणसाला मरणाबद्दल, अपराधीपणाबद्दल सरळ विचारावं लागतं, हा धडा सामान्य रुग्णालयांनी तिथून घेतला. असं विचारल्यानं त्याच्या मनात विचार भरतो, अशी भीती लोकांना तेव्हाही होती आणि आजही आहे. ती खरी नाही. विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे हा गप्प रुग्ण बहुतेक वेळा कीटकनाशक पिऊन येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तो दृश्य वास ओळखीचा असतो. पोट धुतात, अ‍ॅट्रोपिनच्या सुया सुरू होतात. आता गंमत पाहा, गंमत म्हणायला जीभ धजत नाही. अ‍ॅट्रोपिन हे धोतऱ्यातलंच द्रव्य. ते जीव वाचवतं, पण मात्रा वाढली की माणूस बरळायला लागतो, चादरीवरचे नसलेले धागे वेचू लागतो. सुश्रुताचा विषज उन्माद औषधाच्या रूपानं वॉर्डात हजर होतो. जवळचे नातेवाईक म्हणतात, विष डोक्यात गेलं, आता हा वेडाच झाला. मात्रा कमी करून पाहणारा डॉक्टर शेजारी असेल तर ठीक.

आणि या रुग्णाच्या उशाशी एक हवालदार उभा असायचा. १८६० च्या दंडसंहितेचं कलम ३०९: आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. त्यामुळे काय व्हायचं? नातेवाईक सांगायचे, "खोकल्याचं औषध समजून चुकून प्यायली." सगळ्यांना ठाऊक असायचं, केसपेपरवर मात्र 'अपघात' लागायचा. जिनं खरं सांगायला हवं तीच खोटं बोलायला बांधलेली. कशामुळे, किती दिवस मनात होतं, पुन्हा करावंसं वाटतंय का, हे विचारायला जागाच उरत नसे. ती वाचायची आणि त्याच घरी परत जायची.

या कलमाची लढाई मुंबईत लढली गेली, हे फारसं कुणाला आठवत नाही. एक पोलीस शिपाई. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसला, आणि त्यानंतर त्याचं मन बिघडलं. पत्नीच्या भाजीच्या स्टॉलसंबंधी कामासाठी तो १९८५ मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. भेट मिळाली नाही. त्यानं अंगावर रॉकेल ओतून घेतलं. आजूबाजूच्यांनी त्याला धरलं, आणि मग त्याच्यावर ३०९ लागलं. म्हणजे ज्या यंत्रणेचा तो शिपाई, तिनंच त्याला आरोपी केलं. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्या पीठानं ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. मनोविकारामुळे जीव द्यायला निघालेल्याला कोठडीची नाही, उपचाराची गरज आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढं १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीच भूमिका घेतली, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ती फिरवून कलम पुन्हा वैध ठरवलं. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो का, यावर तिथं जे विवेचन झालं ते आम्ही वर्गात पुष्कळदा शिकवलं. मुलांना त्यात रस असायचा. पण खरं सांगायचं तर तो सगळा वाद रॉकेलनं भिजलेल्या त्या माणसाच्या डोक्यावरून गेला. मरण्याचा हक्क आहे की नाही हा त्याचा प्रश्न नव्हता. डोक्याला मार बसल्यापासून आपल्याला काय होतंय, हे त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, त्यानं बरंच बदललं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरायचं. त्याच्यावर खटला चालवायचा नाही. तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञच हवा असं नाही, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. रुग्णाचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, आणि विजेचे झटके तातडीचा उपचार म्हणून द्यायचे नाहीत. साखळदंडांना बंदी आली. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळीनं बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली होती, ती आठवण या बंदीमागे आहे. आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम पोलिसांचं. रस्त्यावर सापडलेल्या अशा माणसाला पोलिसानं चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. कुठल्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. १८५८ मध्ये ज्या शिपायाला कचेरीचा रस्ता दाखवला होता, त्याला १६० वर्षांनी दवाखान्याचा दाखवला.

तरी एक धागा लोंबकळत राहिलाय. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि तिच्याबरोबर ३०९ ही गेलं. नव्या भारतीय न्याय संहितेत मात्र कलम २२६ आहे. सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर तो गुन्हा. आता त्या शिपायाला डोळ्यांपुढं आणा. आयुक्तांच्या दारात, हातात रॉकेल. त्याचा हेतू भाग पाडण्याचा होता, की त्याचं मनच ठिकाणावर नव्हतं? कायद्यानं हा प्रश्न न्यायालयावर सोपवला असेल. प्रत्यक्षात त्याची पहिली नोंद कॅज्युअल्टीतला, सलग तीस तास ड्युटी केलेला, पंचविशीतला डॉक्टर करतो. तो काय विचारतो आणि काय लिहितो, यावर पुढचं सगळं उभं राहतं.

काय विचारायला हवं, ते आता शिकवलं जातं. डॉक्टरमित्रांकडून आम्ही समजून घेतलं ते असं. आधी लांबूनच हळू आवाजात बोलायचं, आपलं नाव सांगायचं, दाराच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याच्या हाताशी कात्री-बाटली ठेवायची नाही. भांडण बोलून शमतं का ते आधी पाहायचं. मग ताप, नाडी, रक्तदाब, प्राणवायू, आणि बोटाला सुई टोचून साखर. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवण चुकवलेला माणूस भांडकुदळ होतो, आणि ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत माफी मागतो. डोक्यावर कुठं टेंगूळ आहे का, मान आखडली आहे का ते पाहायचं. नातेवाईकांना विचारायचं: एकाएकी झालं की हळूहळू? दिवसातून वर-खाली होतं का? आवाज ऐकू येतात की दृश्यं दिसतात? तारीख-वार सांगता येतो का? साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच 'वेड' लागलं असेल तर शरीरात कारण शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि मनाच्या जुन्या रोग्याला ताप आला असेल, तर 'हा तर नेहमीचाच' म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. हा शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. एकदा कपाळावर वेडाचा शिक्का बसला की पोटातलं दुखणंही कुणी खरं मानत नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्या एका विद्यार्थ्याचं फुटलेलं अपेंडिक्स दोन दिवस 'भास' म्हणून चालवून घेतलं गेलं होतं. तो वाचला, पण थोडक्यात.

हे सगळं करायला किती वेळ लागतो? आम्ही विचारलं. "पंधरा मिनिटं," एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ती पंधरा मिनिटं मला मिळतात कुठं?" बाहेर बाकावर चाळीस माणसं असतात, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय. पट्टे बांधायला दोन मिनिटं लागतात. तेव्हा त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांवर आम्ही आता तितके रागावलेले नाही. ते वाईट नव्हते; वॉर्ड भरलेला होता.

वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. आमचा समज होता की त्यांना त्या रात्रीचं काही आठवत नसेल. आम्हीही विषय काढला नाही, घरात सगळ्यांनाच त्याची लाज वाटायची. १९८७ च्या दिवाळीत फराळ करता करता ते एकदम म्हणाले, "ती नळी साप नव्हती, हे मला मधूनमधून कळत होतं हो. पण हात सुटेनात. तुम्ही सगळे उभे होतात आणि कुणी सोडवत नव्हतं." आणि मग करंजी खाली ठेवून त्यांनी मनगटं चोळली.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.